बारक्या, डोंगर आणि अण्णांची मिशी

अण्णा बोलायच्या आधी मुठीत फुंकत. दोनदा फुंकून झालं की "हॅलो, हॅलो" म्हणत आणि मग मुद्द्यावर येत. मुद्दा बहुधा "चहात साखर कमी हाय" एवढाच असे. उभं आयुष्य कुस्तीच्या मैदानात माइक धरून गेलेलं, त्यामुळे हातात माइक नसला तरी तो चालू आहे याची खात्री केल्याशिवाय त्यांना तोंड उघडता येत नसे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, म्हाताऱ्याला थंडी वाजतेय.

अण्णा मूळचे कुंडलचे. गावोगावच्या मैदानांत ते निवेदक असत. कोण कुणाशी भिडलाय, कुठला डाव टाकतोय, हे भोंग्यावरून लोकांना सांगायचं. गुडघ्यांनी संप केला तसे मुलाकडे विश्रामबागेत राहायला आले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. अण्णा घरापासून आमच्या बास्केटबॉलच्या मैदानापर्यंत चालत आणि पायऱ्यांवर बसून राहत. अंतर दोन गल्ल्यांचं होतं. डॉक्टर रस्ता मोजायला थोडेच येणार, असं त्यांचं म्हणणं.

मी त्या मैदानावर सकाळी कॉलेजच्या मुलींना खेळवते. पहिल्या दिवशी अण्णांनी बराच वेळ खेळ पाहिला आणि मुठीत फुंकून मला विचारलं, "आवं मॅडम, पोरी एवढ्या जीव तोडून पळत्यात, आन बघायला कोण न्हाई?"

"बास्केटबॉल बघायला कोण येणार, अण्णा?" मी म्हटलं.

त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी उपाशी माणसाची थट्टा केली. रिकाम्या पायऱ्या त्यांना सहनच होत नसत. मधेच उठून ते या टोकाला बसत, मधेच त्या टोकाला. सगळीकडे थोडंथोडं पब्लिक दिसावं, म्हणून.

तिथंच त्यांची सुभेदारांशी गाठ पडली. सुभेदार कोरेगावचे, फौजेतून निवृत्त झालेले, पलटणीच्या संघातून बास्केटबॉल खेळलेले. त्यांची मिशी भरतीच्या दिवसापासूनची, दोन्ही टोकांना पीळ दिलेली. अण्णांचीही मिशी काही कमी नव्हती, पण ती झुपकेदार आणि खाली उतरणारी. दोघं शेजारी बसले की एका घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं आणि दुसऱ्यात आठ वाजून वीस मिनिटं झालेली दिसत.

आपली सकाळ म्हणजे अमेरिकेतली रात्र. त्यामुळे आमचा सराव संपेपर्यंत तिकडचे सामने रंगात आलेले असत आणि सुभेदार ते मोबाइलवर लावत. त्या खेळाडूंची नावं अण्णांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांनी दोघांचं बारसं करून टाकलं. अंगानं बेताचा आणि लांबून चेंडू टाकणारा तो बारक्या. धिप्पाड, उडी मारून बास्केटच्या कडीला लोंबकळणारा तो डोंगर. दोघंही जगात नावाजलेले. दोघांपायी आमच्या पायऱ्यांवर रोज भांडण.

वाद खेळाचा नव्हता, हे ध्यानात घ्या. कोण चांगला खेळतो याच्याशी अण्णांना काही देणंघेणं नव्हतं. मैदान कोण भरवतो, एवढाच प्रश्न.

"बिलकुल डोंगर," सुभेदार म्हणत. "त्यानं कडी धरली की पब्लिक उभं राहतंय. बघा, सगळं स्टेडियम सावधान."

"उभं काय, माणूस एसटी आली तरी उभा राहतोय," अण्णा म्हणत. "त्या मागच्या टकल्याकडं बघा. बारक्यानं चेंडू सोडला, तवा टकल्याचा घास तोंडापशी जाऊन थांबला. चेंडू आत पडल्यावर त्यानं तोंड मिटलं. घास थांबला पायजे, सुभेदार. घास थांबवतो त्यो खरा गडी."

तेव्हा मला कळलं की अण्णा सामना बघतच नव्हते. एवढ्याशा मोबाइलमध्ये, खेळाडूंच्या मागं मुंगीएवढी दिसणारी माणसं ते बघत होते. कोण पेंगतंय, कोण बायकोशी बोलतंय, कोण मधेच उठून गेला. सामना कुणी जिंकला असं विचारलं तर म्हणत, "ते सुभेदारांना इचारा. पण डाव्या कोपऱ्यातली दोन माणसं आज नाराज हुती."

एकदा असाच वाद वाढला. सुभेदारांनी मिशीला पीळ दिला आणि म्हणाले, "तुमच्या बारक्यानं डोंगरापेक्षा जास्ती गर्दी खेचली, तर ही मिशी उतरवतो."

अण्णांनी मुठीत फुंकलं. "आन न्हाई खेचली, तर माझी."

अमेरिकेत जाऊन डोकी मोजणं शक्य नव्हतं. म्हणून असं ठरलं की आमच्याच मैदानावर पडदा लावायचा. शनिवारी संध्याकाळी डोंगराचा एक जुना सामना दाखवायचा, रविवारी बारक्याचा. ज्याच्या दिवशी पायऱ्या जास्त भरतील तो जिंकला. पंच मी. गणेश मंडळाचा प्रोजेक्टर आला आणि एका मुलीच्या आईनं पांढरी चादर दिली. दोन म्हाताऱ्यांच्या मिशा पणाला लागल्यात ही बातमी मुलींनी त्याच दिवशी सगळ्या कॉलेजात पोचवली होती.

शनिवारी सुभेदारांनी माजी सैनिकांना फॉलिनचा, म्हणजे रांगेत हजर व्हायचा, हुकूम सोडला. सगळे सहकुटुंब आले, ओळीनं आले आणि सांगितलेल्या जागी बसले. पायऱ्यांची एक बाजू गच्च झाली, समोरची अर्धी. डोंगरानं पहिल्यांदा कडी धरली तेव्हा मैदान खरंच उभं राहिलं. दुसऱ्यांदाही राहिलं. पाचव्या वेळी एका आजींनी मला विचारलं, "बाई, ह्यो परत परत तेच का करतोय? कडी तुटंल न्हवं." तरी मध्यंतरापर्यंत बहुतेक लोक बसून होते. मी तसं जाहीर केलं आणि सुभेदारांनी मला कडक सॅल्यूट ठोकला.

रविवारी सकाळपासून अण्णा भोंगा लावलेल्या रिक्षात बसून फिरत होते. विश्रामबागेत असं घर नसेल जिथं त्यांचा आवाज पोचला नाही. "तमाम क्रीडाशौकिनांना कळवण्यात येतंय की, आज संध्याकाळी बारक्या येतोय. उंची बेताची. अंगकाठी आपल्या घरातल्यासारखी. पण नेम असा, की इथनं चेंडू टाकला तर थेट सातसमुद्रापार कडीत." माणसांना वाटलं की कुणी खराच येतोय. कुंडलहून टेम्पो भरून मंडळी आली. त्यांतल्या एकानं बारक्याला द्यायला कोंबडा आणला होता.

सामना सुरू झाला, बारक्यानं जेमतेम दोनदा चेंडू टाकला आणि लाइट गेली.

चादर काळी पडली. क्षणभर गलका झाला, मग लोक उठून मागची धूळ झटकायला लागले. सुभेदार अंधारात हसले ते मला ऐकू आलं. अण्णांची मिशी गेल्यातच जमा होती.

तेवढ्यात मैदानाच्या दारातून "हॅलो, हॅलो" ऐकू आलं. भोंगा रिक्षाच्या बॅटरीवर होता, त्याला लाइटशी काही देणंघेणं नव्हतं.

"बसून घ्या मंडळी. लाइट आपली गेलीया, तिकडं खेळ चालूच हाय. मी सांगतो काय चाललंय ते."

आणि अण्णांनी सामना सांगायला घेतला. कुठला सामना, देव जाणे. बास्केटबॉलमधलं त्यांना काही येत नव्हतं, त्यामुळे बारक्या बगल मारून पलीकडं निघाला, डोंगरानं पट काढायला खाली वाकून पाहिलं, पंचानं कुस्ती सोडवली आणि दोघांना पुन्हा मधोमध घेतलं. डोंगर ह्या सामन्यात नव्हताच, पण अण्णांनी त्याला शनिवारच्या सामन्यातून उचलून आणलं होतं. बारक्याची आई शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसलेली. घाम डोळ्यांत उतरलेला. दोन्हीकडं सारखेच गुण. "आता चेंडू बारक्याच्या हातात हाय. समोर डोंगर उभा. बारक्या टाकंना. का टाकंना? थांबा जरा. त्याला बी कळंना."

मी मोबाइलचा उजेड पायऱ्यांवर फिरवला. उठलेली माणसं उठलेल्या जागी थिजली होती. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या थांबल्या, त्यांतली माणसं उतरून कुंपणाला टेकली. दोन्ही बाजूंच्या पायऱ्या भरल्या, मग मैदानच भरलं. भडंगाचे कागद हातात धरलेल्या माणसांचे हात तोंडाजवळ जाऊन तसेच राहिले होते. आणि पहिल्या रांगेत सुभेदार उभे राहून, स्वतःची मिशी पणाला लागलीय हे साफ विसरून, ओरडत होते, "टाक रं गड्या, टाक."

अण्णांनी चेंडू हवेत सोडला आणि खाली येऊ दिला नाही. तो हवेतच असताना लाइट आली.

पडद्यावर खरा सामना पुन्हा सुरू झाला. खरा बारक्या डोक्यावर टॉवेल घेऊन बाकावर पाणी पीत बसला होता. मैदानातून एकच ओरडा झाला, "बंद करा त्यो पडदा." मी बंद केला. मग अण्णांनी चेंडू कडीत टाकला तेव्हा कुठं लोकांनी भडंग खाल्लं.

गर्दी कुणाची जास्त, हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी निकाल द्यायला शिट्टी तोंडाला लावली तेवढ्यात सुभेदार म्हणाले, "ऑब्जेक्शन. ही गर्दी बारक्याची न्हाई. बारक्या तर बाकावर बसला हुता. पब्लिक थांबलं ते ह्यांच्यासाठी. गर्दी अण्णांची, बारक्याची न्हवं."

अडकलेली मिशी सोडवायला काढलेला मुद्दा होता. मी भांडणार होते, मुली तर पेटल्याच होत्या. अण्णांनी मात्र भोंग्याचा माइक खाली ठेवला. "बराबर हाय," ते म्हणाले. "बारक्या हारला." पैज हरून इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सोमवारी सकाळी ते ओठ कोरा करून आले. आमच्याकडे मिशी कधी उतरवतात ते तुम्हाला सांगायला नको. दूधवाल्यानं सायकल थांबवून हळू आवाजात विचारलं, "अण्णा, कोण गेलं?" दुपारपर्यंत बातमी कुंडलला पोचली. संध्याकाळी एक लांबचे पाहुणे थेट घरी आले आणि दारातच अण्णांच्या गळ्यात पडून रडायला लागले.

"कवा झालं, अण्णा?"

"काल. लाइट गेली तवा."

"आन कोण?"

"बारक्या."

"अरारा. लहान हुता?"

"बेताचा. अमेरिकेत असतोय."

पाहुणे आणखी जोरात रडले. अण्णांनीच त्यांना चहा करून पाजला आणि पैजेची गोष्ट सांगितली. पाहुणे चिडले नाहीत, उलट "पुढं काय झालं" म्हणून रात्रीचे जेवायला थांबले.

त्यानंतर आमच्या मुलींच्या सामन्यांना अण्णा माइक घेऊन बसायला लागले. आमच्या सेंटरला, म्हणजे कडीखाली खेळणाऱ्या थोराड मुलीला, ते भारंदाज पैलवान म्हणत. तिची आई आधी रागावली, मग प्रत्येक सामन्याला यायला लागली. पायऱ्या भरू लागल्या. अण्णांची मिशी पुन्हा वाढली, वाद पुन्हा सुरू झाला. फरक एवढाच, की सुभेदार वाद घालताना आपल्या मिशीला पीळ देईनासे झाले. एकदा अण्णा चहा आणायला गेलेले असताना मला म्हणाले, "मॅडम, मी त्या दिवशी लबाडी केली. गर्दी गर्दीच असती, कुणामुळं का असंना." मग अण्णा चहा घेऊन येताना दिसले आणि त्यांनी पुन्हा डोंगराचा विषय काढला.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. कुंडलला नेलं. मी मुलींना घेऊन गेले. एवढी माणसं मी कुठल्या सामन्याला पाहिली नाहीत. कान मोडलेले म्हातारे पैलवान, भोंग्याच्या रिक्षा चालवणारे, आमच्या पायऱ्यांवर भडंग खाणारे, ते सोमवारचे पाहुणे. कुणी कुणाला बसा, उठा सांगत नव्हतं. सांगणाराच गेला होता. मला तिथं फार रडू आलं.

सुभेदार गर्दीत दिसेनात. मागं बाभळीखाली एकटेच उभे होते, तोंडाला मफलर गुंडाळून. मला पाहून त्यांनी मफलर खाली केला. ओठ कोरा होता. भरतीच्या दिवसापासूनची मिशी नव्हती, आणि तिच्याखालची कातडी बाळाच्या कातडीसारखी पांढरी होती.

जवळ उभ्या असलेल्या गावकऱ्यानं ते पाहिलं आणि टोपी काढून विचारलं, "तुमी भाऊबंद व्हय? कोण लागत हुतं अण्णा तुमचं?"

सुभेदारांनी त्या सगळ्या गर्दीवरून एकदा नजर फिरवली.

"कोण न्हाई," ते म्हणाले. "पैज हरलो."