अकरा ग्रॅम

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत डोमाजींना सगळे 'काटेवाले मिस्त्री' म्हणत. ट्रकचं इंजिन बांधताना सहाही पिस्टन काट्यावर घालायचे, सगळ्यांत हलका कोणता ते पाहायचं आणि बाकीचे आतून घासून त्याच्या वजनाला आणायचे, ही त्यांची पद्धत. तीस वर्षांत त्यांचं एकही इंजिन थरथरलं नाही. त्याचा त्यांना गर्व होता, आणि का नसावा?

लेक दीपा मात्र पिस्टनच नसलेल्या इंजिनाच्या नादी लागली. आत तिकोनी रोटर गरगर फिरतात, असलं जपानी इंजिन तिनं शर्यतीच्या गाडीसाठी भंगारातून आणलं. त्यातले जुने रोटर जड, पण धडधाकट होते.

"हेच टाक, बाई. टिकतीन," डोमाजी म्हणाले.

दीपाला हलके हवे होते. हलक्यांवर इंजिन झटकन वेग घेतं. तिनं परदेशातल्या एका कारागिराकडून जोडी मागवली आणि सात महिने वाट पाहिली. ती त्याची शेवटची जोडी. नंतर त्यानं काम बंद केलं.

खोकं आलं तेव्हा दीपा पांढरकवड्याला गेली होती. डोमाजींना कुठला धीर! रोटर काट्यावर चढले. अकरा ग्रॅमचा फरक! लेकीला फसवलं म्हणून ते भडकले, आणि खरं सांगायचं तर मनातून सुखावलेही. अखेर आपली गरज पडली म्हणायची. दुपारभर बसून त्यांनी जोडीतला जड रोटर आतून घासला. काटा अगदी जुळला.

दीपा आली. तिनं घासलेला रोटर उचलला, आतल्या पोकळीत रॉकेल ओतलं. बाहेरच्या अंगाला एक थेंब फुगून आला.

"बाबा, भिंत पयलेच पातळ केली होती. म्हणून तर हलका होता. फरक मी पुण्याहून मशीनवर फिरवून, शाफ्टच्या वजनात काढून आणणार होती."

"वेल्डिंग मारू काय?"

"नाही चालत."

तिनं ओरडावं, हातातलं फेकावं, असं डोमाजींना फार वाटलं. ती म्हणाली, "चूक माहीच आहे. तुमाले सांगून जाले पाहिजे होतं."

मग टेबलाखालून तिनं जुने रोटर ओढले. शर्यत महिन्यावर आलेली. यांच्यावर जिंकायचं नाव नको, नुसतं धावायचं.

"हेच टाकू. तुमीच म्हणत होते ना, टिकतीन." ती हसून दाखवत होती. डोमाजींना ते बघवलं नाही.

सकाळी एक ट्रकवाला सहा पिस्टन घेऊन आला. काटा समोरच होता. डोमाजींनी त्याला काटा बिघडल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या मिस्त्रीकडे पाठवून दिलं.