अर्धा धवला ठेवत नाहीत

आमच्या करावे गावात लग्नाचे धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणणाऱ्या बायका आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, त्यातली एक माझी आई. तिचे कितीतरी धवले दुसऱ्या कुणालाच येत नाहीत, मला तर नाहीच नाही. म्हणून रबाळ्याच्या ऑफिसातून मोडीत निघालेला एक संगणक घरी आणला, त्यावर लिनक्स चढवलं आणि तिला एका बोटानं मराठी टाइप करायला शिकवलं.

अडचण एकच. धवला पुरा झाल्याशिवाय ती सेव्ह करायची नाही. "अर्धा धवला ठेवीत नाय," म्हणे. मांडवात धवला मध्येच सोडत नाहीत, तोच नियम हिनं संगणकालाही लावला. मग मी मशीन स्लीपवर टाकून कामावर जायचो, म्हणजे लिहिलेलं जागच्या जागी राहील. पण झोपलेल्या मशीनचा दिवा लुकलुकत राहतो, आणि तो दिसला की बाईसाहेब भिंतीवरचं बटण बंद करायच्या. स्लीपला थोडी तरी वीज लागतेच. ती गेली की लिहिलेलंही गेलं.

"आई, अगं ते झोपलं होतं!" मी ओरडलो.

"दिवा लावून कोन निजतं रं? फुकट बिल कशाला?"

शेवटी एका रविवारी हायबरनेशन लावायला बसलो. लिनक्सनं तो पर्याय मेन्यूत दाखवलाच नव्हता. चालू काम डिस्कवर उतरवायला जागा काढली, सेटिंग बदलली. मशीन उठेचना, मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. आई चहा ठेवून गेली. संध्याकाळी जमलं एकदाचं. दिवा नाही, वीज नाही, तरी ओळी जिथल्या तिथं. आईनं बटण बंद-चालू करून स्वतः खात्री केली.

"आता बरा निजला," म्हणाली. तेव्हापासून तीच त्याला निजवायला लागली.

दिवाळीनंतर तिला मेंदूचा झटका आला. हॉस्पिटलातून घरी आली तेव्हा हातपाय चालत होते, पण शब्द सापडत नव्हते. मला हाक मारतानाही अडखळायची. मी घाबरलो होतो. धवल्यांचा विषय काढायची हिंमत होईना.

एका सकाळी ती आपणहून संगणकापुढे बसली आणि बटण चालू केलं. हळदीचा धवला अर्ध्यावर थांबला होता, झटका येण्याआधी तिनं सोडला तसाच. शेवटची ओळ तिनं ओठांतल्या ओठांत वाचली. पुन्हा वाचली. मग गळ्यातून पुढची ओळ आली, बारीक, पण चालीत. मी टाइप करत गेलो. एकही शब्द अडला नाही.

"झाला," ती म्हणाली. "आता ठेव."

डोळे इतके भरून आले होते, की मला सेव्हचं बटणच दिसेना.