चित्त्याच्या गाडीचा बैल

सन एक्केचाळीस. मी बावीस वर्षांचा होतो. सांगलीच्या पूर्वेला माळावर आमच्या संस्थानची शिकार चाले. काळवीट माणसाला बुजतं, बैलगाडीला बुजत नाही. म्हणून आफ्रिकेतनं बोटीनं आणलेला चित्ता डोळ्यांवर टोपी घालून गाडीत बसवायचा, कळपाभोवती फिरत फिरत जवळ जायचं आणि टोपी काढायची. ती गाडी माझी. बैल खिलार, माझ्या गोठ्यात जन्मलेले.

त्या दिवशी काळवीट निसटलं. चित्ता माघारी आला तो खवळूनच. त्याला सांभाळणारा चित्तेवान टोपी घेऊन पुढं झाला, त्याला हुकवून चित्त्यानं माझ्या डाव्या बैलाच्या पुठ्ठ्यावर झेप घेतली. बैल जुवाला बांधलेला, पळणार कुठं? कातडं टराटरा फाटलं. तसा हंबरडा मी पुन्हा ऐकला नाही.

मी गाडीचा खुंटा उपसला.

“मारू नगंस रं! सरकारी हाय त्यो!” चित्तेवान ओरडला.

“मग धर की तुझं मांजर!”

मी हाणला. तोंडावर, बरगडीवर. चित्त्यानं माझा हात कोपरापर्यंत चिरला, तरी हाणतच राहिलो. रक्त ओकत तो खाली पडला, तेव्हा कुठं चित्तेवानानं टोपी चढवली.

शिकारखान्याचे कारभारी घोड्यावरनं आले. न विचारता त्यांनी मला चाबकानं फोडून काढलं. मी खाली बसलो नाही.

“हे जनावर समुद्रापलीकडनं आणलंय, ठाऊक आहे?”

“माझं जनावर माझ्या आईनं हातानं वाढवलंय, सरकार.”

“लय माज आलाय! उद्या हीच गाडी, हाच बैल, हाच चित्ता. शिकारखान्यापासनं वेशीपर्यंत बैल चालला तर तुझा. अडला तर जोडी जप्त.”

चाकरमंडळी हसली. एकदा फाडलेला बैल चित्त्याच्या वासाला पाय उचलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चित्तेवान हळूच म्हणाला, “पाया पड गड्या, सुटशील.”

“न्हाई पडत.”

रात्री बैलाच्या जखमेत हळद भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्ता गाडीत चढवला आणि बैल थरथर कापायला लागला. बघायला अख्खं गाव. बापाच्या मयताशिवाय मी चारचौघांत डोईचा पटका कधी उतरवला नव्हता. तो सोडला. चित्त्याला टोपी घालतात तसा बैलाच्या डोळ्यांवरनं गुंडाळला, माझ्या घामानं भिजलेलं टोक त्याच्या नाकाशी सोडलं, वेसण धरली आणि बैलाशी बोलत बोडक्या डोक्यानं वेशीपर्यंत चालत गेलो. बैल माझ्यामागं आला.