हंड्यातलं पाणी

आमच्या घरात, नात्यात आणि माशांच्या नादी लागलेल्या माझ्या मित्रांत सगळ्यांना एवढंच माहीत आहे, की माझी समुद्राच्या पाण्याची टाकी माझ्या वडिलांच्या हातून मेली. तसं नव्हतं. ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि बाबा होते तोवर मी त्यांना ते सांगितलं नाही.

आई गेल्यावर बाबा सिकंदराबादचं घर सोडून आमच्याकडे मियापूरला राहायला आले. सोबत दोन ट्रंका, इन्सुलिनचा डबा आणि आईच्या लग्नातला तांब्याचा हंडा. रोज संध्याकाळी ते हंडा चिंचेने घासायचे, आरओचं पाणी त्यात भरून ठेवायचे आणि सकाळी उठल्या उठल्या तेच प्यायचे. आरओ असताना हंडा कशाला, असं माझी बायको एकदा म्हणाली. "मशीन पाणी साफ करतं, पण त्याला चव कोण देणार?" असं म्हणून बाबांनी तो विषय संपवला.

बाबांचं आणि माझं कधी फारसं जमलं नाही. भांडणं नव्हती, पण बोलायला काही नव्हतं. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यात, कायम कुठल्या ना कुठल्या ड्यूटीवर. मी पुस्तकात, मग कॉम्प्युटरमध्ये. आता एका छताखाली आलो तरी जेवताना आम्ही दोघं टीव्हीकडे बघायचो. बरं, तो टीव्हीही म्यूटवर असायचा.

हॉलमध्ये माझी चार फुटी टाकी होती. खारं पाणी, दगड, थोडं प्रवाळ, एक लाल-पांढरी कोळंबी, नारिंगी क्लाउनफिशची जोडी, आणि त्या जोडीचं घर म्हणजे एक समुद्रफूल. नाव फूल असलं तरी तो प्राणी आहे. खालच्या पायाने दगडाच्या फटीत घट्ट धरून बसतो आणि मनात आलं तर चालतही जातो. माझं हिरवट होतं, टोकांना जांभळं, जेवणाच्या ताटाएवढं. सहा वर्षं सांभाळलं होतं मी ते. पंप, हीटर, नळ्या, दिवे हे सगळं पाहून बाबा पहिल्या दिवशी म्हणाले, "हे तर आयसीयूच की रे! पेशंट कुठाय?"

पेशंट लवकरच मिळाला. टाकीत ॲप्टेसिया शिरला होता. तोही समुद्रफुलाच्याच जातीचा, पण नखाएवढा, तपकिरी, काचेसारखा आरपार दिसणारा. एक आला की महिन्याभरात पन्नास होतात. प्रवाळाला डंख मारून मारतात, आणि तुम्ही उपटायला जाल तर प्रत्येक तुकड्यातून नवा उगवतो. मी महागडी औषधं मागवून थकलो होतो. बाबांनी दोन दिवस काचेला नाक लावून निरीक्षण केलं आणि निदान केलं, "हे गाजरगवत आहे."

मग त्यांनी खिशातून चुन्याची डबी काढली. तंबाखू त्यांनी सोडली होती, डबी सुटली नव्हती. "ह्याच्या तोंडात चुना भर. बघ कसं तडफडतं." मी हसलो. नंतर शोधून पाहिलं तर परदेशातले लोकही हेच करत होते. चुन्याची पेस्ट इंजेक्शनच्या सुईने त्या प्राण्याच्या तोंडात सोडत होते. मला मनातून थोडा रागच आला.

तेव्हापासून रविवारची सकाळ आमची झाली. बाबा त्यांच्या इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये चुना भरायचे, मी पंप बंद करायचो. आयुष्यभर सिग्नलच्या बारीक तारा जोडलेला तो हात सत्तरीतही हलत नव्हता. सुई नेमकी तोंडाशी न्यायची, थेंब सोडायचा, थांबायचं. प्राणी मिटायचा, पांढरा व्हायचा. "गेला. पुढचा दाखव." ह्या कामात आम्ही बोलायला लागलो. आईबद्दलसुद्धा. मला त्या रविवारांची ओढ लागली होती, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

समुद्रफुलाच्या पायाशी मात्र आमचं काही चालेना. त्याच फटीत ॲप्टेसियाची दाटी झाली होती आणि चुना सोडावा तर समुद्रफुलालाच भाजलं असतं. त्याला हलवणं भाग होतं. पण समुद्रफूल ओढून काढायचं नसतं, हा ह्या छंदातला पहिला धडा. त्याच्यावर सावली करायची, एका पंपाचा झोत त्याच्या पायावर धरायचा आणि वाट बघायची. कंटाळलं की ते आपणहून उठून दुसरीकडे जातं. आम्ही तसं केलं. दहा दिवस झाले, ते हललं नाही.

पुढच्या रविवारी छंदातले सहा-सात जण माझी टाकी बघायला येणार होते. त्यांच्यासमोर पायाशी गाजरगवत माजलेलं समुद्रफूल दाखवायची मला लाज वाटत होती. बाबांना मी म्हटलं, काढूया का हाताने?

"नक्को बेटा. त्याला जायचं असलं की जाईल. आपल्याला कुठं गाडी पकडायची आहे?"

मंगळवारी दुपारी ते चुना संपला म्हणून बस पकडून बेगम बाजारला गेले. जवळच्या पानवाल्याकडचा चुना त्यांना कमअस्सल वाटायचा. मी घरून काम करत होतो. दोन मीटिंगांच्या मध्ये अर्धा तास मिळाला, बाह्या सारल्या आणि ऑफिसचं जुनं ओळखपत्र समुद्रफुलाच्या पायाखाली सरकवलं.

अर्धा पाय सुटला. उरलेला फटीत खोल होता. थांबायला हवं होतं. पुढची मीटिंग चार मिनिटांवर होती, आणि खरं सांगायचं तर मला त्या प्राण्याचा राग आला होता. मी जोर लावला. बोटांना कळलं. एक हलका, ओलसर झटका, आणि पायाच्या फाटलेल्या कडेतून पांढरे धागे बाहेर आले. मी ते समुद्रफूल पलीकडच्या सपाट दगडावर ठेवलं, वर जाळीची टोपली पालथी घातली आणि हात पुसून मीटिंगला बसलो.

बाबा परत आले तेव्हा घामाघूम होते. टाकी पाहताच पिशवी तशीच खाली ठेवली. "हललं?"

"हो," मी म्हणालो. "आपणहून."

"बघ! म्हटलं होतं की नाही?" ते इतके खूश झाले, की मला टाळी दिली. बाबांनी मला टाळी दिल्याचं ते एकच आठवतं.

बुधवारी सकाळी मी ऑफिसच्या कामाला बेंगळुरूला गेलो. फाटलेला पाय कधी कधी भरून येतो. मी तसं धरून चाललो.

शुक्रवारी संध्याकाळी दार उघडलं तर वास आला. सडक्या मासळीचा. टाकीतलं पाणी दुधाळ झालं होतं. टोपलीखाली समुद्रफुलाच्या जागी पांढरट लगदा होता. मोठं समुद्रफूल कुजलं की आख्खी टाकी सोबत नेतं. एक क्लाउनफिश तळाशी आडवा पडला होता, दुसरा वर येऊन तोंड उघडमीट करत होता. कोळंबी मात्र जिवंत होती, काचेवर वर वर चढत होती.

बायको सांगत होती, टाकीतलं आटलेलं पाणी भरून काढायचं कॅनमधलं आरओचं पाणी काल संपलं, टँकर आला नव्हता, टाकीची पातळी खाली गेली तर पंप जळेल म्हणून बाबांनी आपल्या हंड्यातलं पाणी घातलं. चार लोटे.

तांबं समुद्रातल्या अशा जिवांना विष असतं. हे मी बाबांना कधी सांगितलं नव्हतं. आणि तांब्याने आधी कोळंबी मरते. ती माझ्या डोळ्यांसमोर चालत होती. मला एका क्षणात सगळं कळलं, आणि त्याच क्षणी माझा आवाज चढला.

"तांब्यातलं पाणी? बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला? सहा वर्षं! सहा वर्षं सांभाळलं मी! काही विचारायचं नाही, फोन करायचा नाही, सरळ ओतायचं? माझ्या घरातल्या वस्तूंना हात लावत जाऊ नका!"

बाबांच्या हातात लोटा होता. तो त्यांनी हळूच टेबलावर ठेवला. "माझ्यामुळं गेलं का रे ते?"

त्या प्रश्नावर मी थांबू शकलो असतो. तेवढी जागा होती. मी म्हणालो, "मग कोणामुळे?"

शनिवारी पाणी तपासलं. तांबं मोजायची किट माझ्याकडे होती. काचेच्या नळीत रंग आलाच नाही. तांबं शून्य. नळी धुतली, किट कपाटात ठेवली. बाबा बाल्कनीत बसले होते, पाठ माझ्याकडे. बाल्कनीचं दार उघडं होतं, सात-आठ पावलांवर. मी गेलो नाही. वडिलांवर आळ घेतल्याची लाज वाटली म्हणून नव्हे, माझं खोटं उघडं पडेल म्हणून. मित्रांना कळवलं, रविवारी येऊ नका, वडिलांकडून चूक झाली.

सोमवारी बाबा पुन्हा बेगम बाजारला गेले. परतले तेव्हा हातात स्टीलची कळशी होती. हंडा मोडीत घातला होता. मला म्हणाले, "आता घरात तांबं नाही बेटा. पुन्हा आणायचं असलं ते फूल, तर आण."

मी आणलं नाही. बाबा मात्र बदलले. घरातल्या कुठल्याही गोष्टीला हात लावायच्या आधी विचारू लागले. फ्रिज उघडू का? पंखा वाढवू का? हा कप घेतला तर चालेल का? नातवाचं खेळणं पायात आलं तर वाकून उचलायचे नाहीत, ओलांडून जायचे. बायको मला म्हणाली, "तुम्ही एकदा बोला त्यांच्याशी." मी म्हटलं, बोलतो.

टाकीत बाकी सगळं मेलं, ॲप्टेसिया तेवढा राहिला. दोन महिन्यांत काचा भरल्या. एका रविवारी मी स्वतः सिरिंज आणि चुना घेऊन बाबांसमोर धरला. म्हटलं, चला. त्यांनी हात मागे घेतले. "नक्को. माझ्या हाताचं काही खरं नाही." त्यांचे हात तेव्हाही हलत नव्हते. सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "बरं, राहू द्या."

बाबा जायच्या महिनाभर आधी त्यांचे मावसभाऊ नांदेडहून भेटायला आले. मी चहा करून आणला. मी केव्हाच उपसून ठेवलेल्या रिकाम्या टाकीकडे बोट करून काका म्हणाले, "ह्यात काय होतं?"

"लई भारी होतं सगळं," बाबा म्हणाले. हॉलमध्ये आणलेल्या पलंगावर उशीला टेकून बसले होते, आवाज बारीक झाला होता. "माझ्या हातानं गेलं. हंड्यातलं पाणी घातलं मी, अक्कल नाही म्हणून. दुसऱ्या कोणाचा पोरगा असता तर बापाला घराबाहेर काढलं असतं. हा एका शब्दानं बोलला नाही. एका शब्दानं नाही."

ते माझ्याकडे बघत नव्हते. काका बघत होते, कौतुकाने. मी कपात चहा ओतला आणि काकांना विचारलं, साखर किती घालू.