मेसमधली थाळी

चंद्रपूरच्या होस्टेलात आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. मेसमध्ये भाजीला उशीर झाला की आमच्यातली सगळ्यात आगाऊ पोरगी थाळी बडवायची आणि तिच्यामागं अख्खी पंगत. आचारी शिव्या घालायचा. तीच पोरगी लग्न करून पोंभुर्ण्याच्या पलीकडं, जंगलातल्या एका गावी जाऊन पडली होती. नवरा शेजारच्या गावात मास्तर, रोज सायकलनं जंगलातून जा-ये. कॉलेज सुटल्यावर सहा-सात वर्षांनी, मोहफुलांच्या दिवसांत, आम्ही दोघी तिला भेटायला गेलो.

बसमधून उतरलो तर मिठी नाही की काही नाही. "चाला बरं लवकर," एवढंच. वाटेत तिनं सांगितलं, मोह वेचणारी एक बाई नुकतीच वाघानं नेली होती. तेव्हापासून गावानं ठरवलं होतं, वाघ दिसला की थाळी वाजवायची. घरात असेल त्यानं दार लावायचं. वाटेवर असेल त्यानं गावाकडं यायचंच नाही, जवळचं झाड गाठायचं, कारण वाघ गावाच्या कडेलाच असणार.

खरं सांगते, मला रागच आला. एवढ्या लांबून धूळ खात आलो आणि ही बाई बोलता बोलता थांबते, कान देते, अंगणापर्यंत जाऊन येते! "दिवस बुडाच्या आत येतेत ते," म्हणायची. दिवस कलला तरी सायकल आली नव्हती. मोहाचा गोडसर वास डोक्यात चढत होता. बाहेर एक कुत्रंही भुंकत नव्हतं.

आमची तिसरी, बँकेत लागलेली, तिला बोलतं करून करून थकली. मग तिनं उठून आचाऱ्याची नक्कल काढली. तसंच पोट पुढं काढून चालणं, तसंच "गिळा आता, पोट्ट्याहो!" आणि काय सांगू, ती हसली! आधी ओठ दाबून, मग खो खो, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. इतकं बरं वाटलं मला! हीच ती आमची पोरगी. हसता हसता तिनं थाळी उचलली, उलथणं घेतलं आणि दणादणा बडवली.

शेजारचं दार धाडकन लागलं. मग त्यापलीकडचं. मग कुठूनशी दुसरी थाळी वाजली, मग गावभर.

तिच्या हातातलं उलथणं गळून पडलं. "ते वाटेवर हायेत व," ती म्हणाली. "आता ते येणार नाईत."

ती बाहेर धावली. आम्ही दोघींनी तिला अंगणातच धरून ठेवलं. "वाघ नाई! घरी या! वाघ नाई!" ती ओरडत होती, आणि त्या गदारोळात ते आम्हालाही धड ऐकू येत नव्हतं.

थाळ्या थांबून गडी माणसं टेंभे घेऊन निघेपर्यंत अंधार पडला होता. शेवटी ती माणसं मास्तरांना घेऊन आली. झाडावर चढताना दोन्ही हात सोलवटले होते. आम्हाला "जयभीम, ताई" म्हणाले, मग तिच्याकडं वळून, "बरं झालं वाजवली. नाल्यापर्यंत आलो होतो मी. कुठी दिसला?"

सगळे तिच्या तोंडाकडं पाहत होते.

"नाई दिसला," ती म्हणाली. "हसता हसता वाजवली मी."

कोणी रागावलं नाही. एक म्हातारा तेवढं बोलला, "आता खरंच वाजली, बाई, तं कोन दार लावन?"

सकाळी ती बसपर्यंत आली. माझा हात धरला.

"या पुन्हा," म्हणाली. "पण मले हसवू नका."