खुनी कोण, हे सिंदीला ठाऊक नव्हतं

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मी एकटाच हसत सुटतो. मग बायको स्वयंपाकघरातून विचारते, "आता कोणाला अटक केली?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी नेमणूक सिंदी रेल्वे या गावी होती. आमच्या भागात ठाण्याच्या प्रमुखाला ठाणेदार म्हणतात. तो ठाणेदार मी. त्या काळात रविवारी दुपारी टीव्हीवर एका गुप्तहेर बाईची मालिका लागायची. बाई भलतीच हुशार. कधी हसणार नाही, रडणार नाही, दोन घास खाताना दिसणार नाही. घटनास्थळी यायची, खिडकी बघायची, राख हुंगायची आणि 'तर्क असं सांगतो' म्हणत खुन्यापुढे जाऊन उभी राहायची. मी तिचा भक्त होतो. रविवारी त्या वेळेला मी कुठल्या ना कुठल्या निमित्तानं घरी असायचोच.

गावाचं मत मात्र उलटं. किराणा दुकानाच्या शेठजींनी दुकानापुढच्या छपरीत, म्हणजे पडवीत, टीव्ही काढून ठेवला होता. अर्धं गाव तिथं गोळा व्हायचं, आणि माझ्या मते ते मालिका बघायला नव्हे, त्या बाईला शिव्या घालायला यायचं. "बाई आहे का लोखंडाचं कपाट?" असं कुणीतरी म्हणायचं आणि छपरी हसायची. पण पुढच्या रविवारी सगळे पुन्हा हजर.

अशाच एका उन्हाळी रविवारी संध्याकाळी भाजीपाला पिकवणाऱ्या एक विधवा काकू ठाण्यात आल्या. सोबत त्यांचा पुतण्या आणि सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीनं शेतात राबणारा गडी.

"ठाणेदार साहेब, माह्या विहिरीवरची मोटर नेली कोनं तरी. पानी नाई भेटलं तं वांगे-मिरच्या आठवडाभर नाई टिकत."

फिर्याद घेतली, चोरीचं कलम ३७९ लावलं आणि पंचनाम्याला गेलो. मोटर उपटलेली नव्हती. नटबोल्ट नीट खोललेले. पाना शेतातल्याच खोपडीतला, म्हणजे झोपडीतला, खोपडीचं कुलूप किल्लीनं उघडलेलं, आणि किल्ली सालदाराकडे. सालदार दुपारी शेतातून निघाला, त्यानंतर चोरी झाली होती.

पुतण्या हळूच म्हणाला, "काकू, घरचाच मानूस असते असं करनारा."

काकूंनी सालदाराकडे पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं ते न बोलणं त्याच्या तोंडावर चपराकीसारखं बसलेलं मी पाहिलं. पंधरा-वीस वर्षं त्या शेतात राबलेला माणूस तो. चोर ठरला असता तर नुसती नोकरी गेली नसती. सिंदीत त्याला कुणी बांधावर उभं केलं नसतं.

माझ्या टीव्हीवरच्या गुरूनं तिथंच केस मिटवली असती: किल्ली त्याची, संधी त्याची, चोर तो. पण आम्हाला आधी जबाब घ्यावे लागतात.

दुसऱ्या दिवशी सालदाराला बोलावलं. तो म्हणाला, शेतातून निघून घरी जेवलो आणि शेठच्या छपरीत टीव्ही बघायला बसलो.

"कुणी पाहिलं तुला?"

"मांगं खांबाले टेकून बसतो जी. मले कोन पाह्यते?"

मी चहा मागवला. खरं सांगायचं तर मालिकेच्या त्या भागाबद्दल कुणाशी तरी बोलायची मलाच खाज होती. म्हणून विचारलं, "मग खुनी कोण निघाला?"

"मले काय माईत, साहेब."

आमच्या हवालदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बेड्या आणू का? पण सालदार आता तापला होता. आपण संशयित आहोत हेच तो विसरला.

"पन ते बाई! मेल्याच्या घरी चपलीसकट चुलीपाशी गेली! त्याची माय ऊर बडवून राह्यली, अन् हे विचारते, शेवटचा घास किती वाजता खाल्ला? काऊन जी? आधी त्या मायजवळ बसाव, पानी द्याव. तिच्या घरी कोनी मेलंच नाई का कधी?"

मग पुतण्याचा जबाब. हा छपरीत पहिल्या रांगेतला. "होता ना, नेहमीच्या जागेवर," असं पाच-सहा जणांनी सांगितलं होतं. त्यालाही मी तोच प्रश्न टाकला.

"मेव्हणा निघाला, साहेब! बंद पडलेल्या घड्याळावरून धरला त्याले. काय डोकं आहे बाईचं!"

बरोबर होतं. मी स्वतः घरी तो भाग शेवटपर्यंत पाहिला होता. इतक्या दिवसांनी बाईचा एक चाहता भेटला म्हणून मी खूश झालो आणि त्याला आणखी एक चहा पाजला.

त्याच दुपारी जाम गावाहून खबर आली. तिथं हायवेच्या तिठ्यावर माझा एक खबऱ्या होता. रविवारी एक माणूस राजदूत फटफटीवर गोणपाटात बांधलेली मोटर घेऊन आला होता आणि मोटरी दुरुस्त करणाऱ्या रिवाइंडिंगच्या दुकानात टाकून गेला, एवढं त्याला कळलं होतं. चेहरा? आमच्याकडच्या उन्हाळ्यात अख्खा जिल्हा तोंडाला दुपट्टा बांधून फिरतो. खबऱ्या तरी काय सांगणार!

म्हणून मी सालदाराचा जबाब पडताळायला शेठजींच्या छपरीत गेलो. खांबाला टेकून कोण बसतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग उगाच विचारलं, "खुनी कोण निघाला हो?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एकालाही सांगता येईना.

शेठजी ओशाळले. "कसं सांगतीन, साहेब? आमच्या आईनं टीव्हीच बंद केला ना."

आतून आईंचा आवाज आला, "तो क्या करती? मरे घर में जूते पहनके चूल्हे तक चली गई! माँ रो रही है और इसको टाइम पूछना है! बंद कर दी मैंने."

छपरीनं टाळ्या वाजवल्या होत्या म्हणे. टीव्ही पुन्हा लावा, असं एकानंही म्हटलं नव्हतं.

मी तिथंच पोत्यावर बसलो. चपला चुलीपाशी गेल्या, त्यानंतरचं छपरीतल्या कुणीच पाहिलं नव्हतं. सालदाराला शेवट माहीत नव्हता, कारण तो तिथं होता. मग पहिल्या रांगेतल्या माणसाला मेव्हणा कुठून भेटला?

"पुतण्या नक्की होता?" मी पुन्हा विचारलं.

"हाव... म्हंजे, असतेच ना तो दर रविवारी."

पुतण्याला परत बोलावलं. आवाज चढवला नाही.

"टीव्ही शेठकडेच पाहिला?"

"हाव साहेब. शेवटपर्यंत."

"मेव्हण्याला बेड्या पडल्या तेव्हा शेठजींची आई काय म्हणाली?"

त्यानं आमच्याकडे बघून अंदाज घेतला. "म्हनाली... वा, काय डोकं आहे बाईचं!"

हवालदारांच्या नाकातून चहा आला.

पुढं फार वेळ लागला नाही. शेवट त्यानं जामच्या हॉटेलात पाहिला होता, मोटर टाकून झाल्यावर चहा पिता पिता. हॉटेलवाल्यानं त्याला ओळखलं, कारण टीव्हीसमोर त्यानं दुपट्टा सोडला होता. पंचांसमक्ष मोटर जप्त झाली. कारण विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "सालदार गेला असता तं काकूनं शेत मलेच बटईनं, अर्ध्या वाट्यानं, देलं असतं." खोपडीची दुसरी किल्ली काकूंच्या देवघरात असते, हे घरच्या माणसाला माहीत होतंच.

मालिका इथं संपते. आमचं काम इथून पुढं असतं. मोटर आता मुद्देमाल झाली होती. कोर्टाच्या हुकमाशिवाय ती ठाण्याबाहेर काढता येईना, आणि तिकडे मिरच्या माना टाकत होत्या. तालुक्याच्या गावी, सेलूच्या कोर्टात अर्ज देऊन, बाबूंच्या टेबलाशी उभं राहून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करू अशा हमीवर, मोटर सोडवली. ती घेऊन काकूंसह थेट सालदाराच्या दारी गेलो. तो बाहेर येईना.

"मोटर आनली. बसवाले चाल," काकू म्हणाल्या.

"गावात मिस्तरी लय आहेत."

"आहेत."

"तुमी मले चोर नाई म्हनलं, काकू. पन चूप राह्यल्या."

काकू ओट्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "हाव. चूप राह्यली. तेच चुकलं माहं."

तो बाहेर आला. मोटरचं एक टोक त्यानं धरलं, दुसरं माझ्या हवालदारांनी.

नोकरीत मी तर्कानं बरेच चोर धरले, आणि त्या बाईचं ऋण आजही मानतो. पण माणसं तिच्यावर का चिडायची, ते मला त्या ओट्यापाशी कळलं. चोराचं नाव घेऊन ती निघून जायची, आणि ज्याच्यावर नाहक आळ आला तो मागं तसाच उभा राहायचा. त्यानंतर कुठल्याही केसमध्ये मी त्या माणसाच्या घरी जाऊन आल्याशिवाय फाईल बंद केली नाही.

मोटर बसेपर्यंत अर्ध्या मिरच्या गेल्याच होत्या. उरलेल्यांच्या बुडाशी पाणी पोचलं तेव्हा काकूंनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, भाकरीचं फडकं सोडलं. सालदारानं पाटाच्या पाण्यात हात धुतले आणि तो जेवायला बसला.