पू नसलेली जखम

"पू बी नही, काही नही. देख, कितली साफ शे!" बाळाचं दुपटं बदलताना काकू आईला म्हणाली.

ताई बाळंतपणाला शहाद्याला आमच्याकडे आली होती. सव्वा महिना होत आला तरी बाळाची नाळ गळली नव्हती. बेंबीभोवती लाल सूज होती. काकू रोज कोमट तेल लावून वर हळदीची चिमूट दाबायची. जखम कोरडी राहिली हे तिच्याच हाताचं यश, असं सगळं घर मानत होतं. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं. पांढऱ्या पेशी फार वाढल्यात, सुरतला दाखवा, असं ते म्हणाले होते. पण आधी सव्वा महिन्याची विहिरीची पूजा, मग सुरत, असं घरात ठरलं.

मी दाराला टेकून ती बेंबी न्याहाळत होते. पेशी एवढ्या वाढल्या, मग पू कसा नाही? पू म्हणजे तरी काय, जखमेवर येऊन मेलेल्या पांढऱ्या पेशीच. कॉलेजात शिकले होते की या पेशींच्या अंगावर एक प्रथिन असतं. त्याच्या जोरावर त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला धरतात, थांबतात, बाहेर पडून जखमेकडे जातात. ती पकड बसली की पेशीला कामाला लागायची खूणही मिळते. हे प्रथिन नसेल तर पेशी रक्तातून नुसत्या वाहत राहतात, जखमेवरून पुढे. नाळ गळायलाही याच पेशी लागतात, हे वाचून तेव्हा मला गंमत वाटली होती.

आता पुस्तकातली तीच ओळ समोर दुपट्यात झोपली होती. मला खात्री नव्हती. असा आजार फार क्वचित होतो, आणि मी काही डॉक्टर नव्हते. पण माझं कुतूहल थांबेना, आणि त्याची लाजही वाटत होती.

"आमनी डॉक्टरीन काय देखी ऱ्हायनी एवढं?" काकू हसली. "बोलशी तं इंग्रजी सांडी जाई का?"

आईही हसली. ताई मात्र हसली नाही. तिने बाळाच्या कपाळावर हात ठेवला, तो उचलून पुन्हा ठेवला, आणि माझ्याकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

माझी अहिराणी अडखळते म्हणून एरवी मी घरात गप्पच असते.

"ताई, पू येत नही, त्यानीच माले भीती वाटी ऱ्हायनी," मी म्हणाले. "पूजा मांगून करूत. आजच सुरतले चाल."